बाहीतले दाणे

परभणीकडचा निवृत्ती दोहाजवळच्या अल रय्यानच्या दुकानात अबाया, म्हणजे तिकडच्या बायांचे पायघोळ काळे झगे, शिवता शिवता पिकत चालला होता, पण ब्रेंडासारखं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. बाई वसईची. दिवसा हॉस्पिटलच्या ऑफिसात, संध्याकाळी मैतरणींना घेऊन स्वतःच्या नावाचे कपडे काढायची. एका मैतरणीचं डोकं अर्ध्या बाजूनं भादरलेलं, दुसरीच्या पायात दोन रंगांचे बूट. एशियन गेम्स भरायच्या आधीचा काळ. दोहात रोज काहीतरी नवं निघत होतं, त्यातलंच हे एक.

निवृत्तीच्या स्टुलावर घरून आणलेली गोधडी घडी करून ठेवलेली. ब्रेंडानं ती उचलली अन् म्हणाली, "निवृत्तीभाऊ, हाच टाका मला काळ्या अबायाच्या बाहीवर पाहिजे."

गोधडी पाव्हण्यापुढं टाकायची लाज वाटते, अन् हिला ती मोठ्या घरच्या बायांच्या हातावर पाहिजे! ही थट्टा तरी असंल, न्हाईतर चोरी. बाई त्याच्या बोटांचे फोटो काढी, दोरा कोणता, टाका केवढा, सगळं लिहून घेई. शिकून झालं की आपण खलास, हे निवृत्तीनं मनात पक्कं केलं.

म्हणून एक गोष्ट त्यानं सांगितलीच न्हाई. त्याच्या गावाकडं गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत घास घालतात, उपाशी गोधडी चांगली नसते म्हणून. त्यानं प्रत्येक बाहीच्या दुहेरी पट्टीत हळद लावलेले ज्वारीचे चार दाणे घातले अन् वरून टाका मारला. एवढं तरी आपलं.

कपडे शिवून झाल्यावर ब्रेंडानं ते एका हॉटेलातल्या हॉलात विकायला मांडले. फिटिंगला निवृत्ती होता, दुकानाचा कारभारी हाफिजही होता. एका म्हाताऱ्या कतरी बाईनं अबाया चढवला, मनगट चाचपलं अन् थबकली. तिच्या सुनेनं कात्रीनं पट्टी उसवली. तळहातावर पिवळे दाणे.

"सिहर!" म्हातारी ओरडली.

सिहर म्हणजे करणी.  हाफिजचा चेहरा राखेसारखा झाला. "मास्टर, ये क्या किया? कफील को पता चला तो कल का जहाज़ है तेरा!" कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक; त्यानं ठरवलं की माणूस थेट घरी.

 निवृत्तीनं ब्रेंडाकडं पाहिलं अन् लगेच मान खाली घातली. आता ही म्हणणार, मला काही माहीत नाही, हा दुकानाचा माणूस. तिच्या जागी तो असता तर तेच म्हणाला असता.

ब्रेंडानं सुनेच्या तळहातावरचे दाणे उचलले, तोंडात टाकले अन् सगळ्यांच्या देखत कडाकडा चावले. "खाना है. हमारे गाँव में कपड़े को खिलाते हैं. मैंने बोला था डालने को."

म्हातारी तिच्या हलत्या जबड्याकडं बघत राहिली. बाईनं दाणे गिळले, मेली न्हाई. मग सून फिसकन हसली. म्हातारी हसली न्हाई. तिनं दाणे नसलेला दुसरा अबाया मागितला.

परतताना गाडीत ब्रेंडा म्हणाली, "आमच्या वसईत असलं काही नाही. मला आधी सांगितलं असतं तर?"

"तुमी समदं ल्हिवून घेता. म्हणलं, येवढं एक ऱ्हाऊ द्यावं आपल्यापाशी."

"माझ्यावर भरवसा नाही तुमचा?"

"न्हवता."

"आणि आता?"

 हिनं आपल्याला वाचवलं का स्वतःचा माल, हे निवृत्तीचं ठरत नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली. ब्रेंडानं दातात अडकलेलं ज्वारीचं टरफल नखानं काढलं अन् विचारलं, "अजून काय काय लपवलंय त्या कपड्यांत?"

"काय बी न्हाई."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुकानात आली अन् उरलेल्या सगळ्या बाह्या उजेडात धरून एकेक चाचपत बसली. निवृत्तीला राग आला न्हाई; तिच्या जागी त्यानंही तेच केलं असतं. त्यानं स्टूल तिच्याकडं सरकवलं.