बरा झालेला रुग्ण

माणचे मेंढपाळ बिरूबापू गुदद्वाराजवळचं भगंदर बरं झाल्यावरही मिरजेच्या दवाखान्यात तपासणीला आले, त्याला बारा वर्षं झाली. आज सांगलीच्या बाजारात हळदीचा वास आला आणि तो दिवस आठवला.

तिथल्या डॉक्टर हळद-क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याच्या उपचाराचा अभ्यास करत होत्या. दर आठवड्याला जखमेतून काढलेला दोरा त्या पट्टीवर मोजत; तो आखूड होत गेला की जखम भरत आली. पण बरे झालेले रुग्ण परत फिरकत नसत, आणि त्यांच्या शेवटच्या नोंदीविना अभ्यास अपुरा राहत होता. मी बातमीसाठी तिथं बसलो होतो.

"बापू, काय दुखतंय?"

"काय बी न्हाई, बाई. पर आलो नसतो, तर तुमच्या वहीत मी जलमभर आजारीच की!"

डॉक्टर हसल्या. "एस्टीत नेहमीसारखे उभे राहूनच आलात?"

"न्हाई. दहिवडीपासनं बसून आलो."

डॉक्टरांनी तपासलं आणि वहीत लिहिलं: जखम पूर्ण भरली.