असली फ्रेंच खुर्ची

त्याचं नाव मी विचारलं नाही. लातूरला लेकीला क्लास लावला की बापाची काही विचारायची सवयच मोडते.

लेकीला न्यायला गेलो, तेव्हा क्लासच्या ऑफिसात तो म्हातारा कारागीर फरशीवर बसून, ओठांत खिळे धरून, सरांच्या लंबगोल पाठीच्या खुर्चीला नवं कापड ठोकत होता.

“चाचा, ही फ्रान्सच्या राजाच्या काळातली, असली फ्रेंच आहे ना?” सरांनी विचारलं.

त्यानं खिळे काढले. “बसून बघा, सर. कंबर धरली की असली. राजेलोक बसायचे कमी, दिसायचे लई.”

सर ताठ बसले. दहा मिनिटांनी कंबर चोळत, पण खूश होऊन उठले.

तेवढ्यात क्लास सुटला. एका बाकावर सहाजणींत बसलेली माझी लेक कंबर धरून बाहेर आली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. “सर, तुमचे बाक बी असलीच हायेत की.”