घमेलं आणि फुटलेला तारा

खुटबावला आमच्या विहिरीचं काम चालू होतं. "सुरुंग हाय, पळा!" अशी आरोळी आली की घमेलं डोक्यावर पालथं धरून झाडामागं जायचं, हा नियम. तो मोडायची सगळ्यांनाच खाज, कारण दगड आभाळात उडताना बघायचे असायचे.

एकदा मामानं घमेलं भिरकावूनच दिलं. "डोकं झाकल्यावर दिसंल काय?" धडाका झाला, पायाखालची जमीन हादरली आणि दगडाची कपची त्याच्या डोळ्यात घुसली. रक्ताची चिळकांडी माझ्या साडीवर आली. डोळा कायमचा गेला.

काही वर्षांनी शिरूरच्या एका शाळेत ताऱ्यांवरच्या व्याख्यानाला आम्ही गेलो, तिथं पडद्यावर फुटलेल्या ताऱ्याचं चित्र दाखवलं. असा तारा आसपासचं सगळं जाळून खाक करतो, असं व्याख्याते सांगत होते आणि लोक "काय सुंदर!" म्हणत टाळ्या पिटत होते. माझं डोकंच सणकलं. सुंदर? जवळ असता तर कळलं असतं! दुजोरा मिळावा म्हणून मी शेजारच्या मामाकडं पाहिलं.

तो उरलेला डोळा पडद्यावर रोखून उभा राहिला होता.

"सायेब," त्यानं मोठ्यानं विचारलं, "ह्ये जवळनं कुठनं दिसंल?"