चौथं बटण

आईचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले, तरी एकाही निवडणुकीला ती घरी बसली नाही. पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी दारात तयार. ज्याला दिसत नाही त्याच्यासोबत घरचं माणूस आत जाऊन बटण दाबू शकतं, आणि आईचं ते माणूस म्हणजे आमचा दादा. थोरला, लाडका, शब्दाबाहेर न जाणारा, असं तिला वाटायचं.

यंदा महापालिकेला आमच्या सातपूरच्या वॉर्डात नगरसेवक चार, म्हणून प्रत्येकाने बटणंही चार दाबायची. आई दादाला म्हणाली, "तीन तुला पटतील ती दाब. चौथं मात्र आपल्या अंगणवाडीच्या बाईला. शब्द दिलाय मी तिला." गटाराचं पाणी घरात शिरायचं तेव्हा त्या बाईनेच महापालिकेत खेटे घालून काम करून घेतलं होतं.

दोघं मतदान करून आले. मी चहा दिला. बशीत चहा ओतता ओतता दादा सहज म्हणाला, "चौथंही आपल्या पॅनललाच दिलं. ती बाई कुठं निवडून येतेय? मत वाया गेलं असतं."

माझं डोकंच फिरलं. "दादा, लाज वाटत नाही? तिचा हात धरून नेलंस ते यासाठी?"

"ओरडतेस काय? आईचं भलं मला कळत नाही का?"

भलं कळतंय म्हणे! आमच्याकडे बाईला विचारतात ते आज भाजी कुठली करायची एवढंच. तिने तीन मतं आपणहून याच्या ओंजळीत टाकली होती, तरी याला चौथ्यावाचून राहवलं नाही. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं ही! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आईने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझे डोळे मागितले होते रे. अक्कल नव्हती मागितली."

निकाल लागला आणि ती बाई पडली. तरी दुसऱ्या दिवशी घरी आली. दादा खाटेवर पेपर वाचत बसला होता.

"जय भीम, आजी. पडले मी. पण तुमचं मत मला मिळालं, तेवढं समाधान आहे."

मला वाटलं, आई लेकाला सांभाळून घेईल. जन्मभर घेतलंच होतं. पण ती म्हणाली, "नाही पोरी. मला दिसत नाही, त्याचा फायदा माझ्या पोटच्या पोरानं घेतला."

दादाने तोंडापुढचा पेपर काही खाली केला नाही.