गुंदमध्ये दिलेला चुकीचा शब्द

खानापूरच्या स्टँडवर साडीची पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो होतो, आणि बस येऊ नये असं मला वाटत होतं.

बायको, शेवंता, जाऊन वर्ष झालं. जायच्या आधी ती म्हणाली होती, "माझी ती जांभळी साडी जानकीला द्या. कुणाच्या हाती पाठवू नका, तुम्ही स्वतः जावा." जानकी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, सुब्रायची बायको. शेवंताचं माहेर गुंद, जोयडा तालुक्यातलं, पार जंगलात. मी तिथं फारसा गेलोच नाही. गेलो तरी जेवून हात धुतला की परतीची बस. ती एकटीच जायची, चार दिवस राहायची, हसत यायची. आता मी एकटा जाऊन काय बोलणार, हा प्रश्न होता. तेवढ्यात बस आली.

मी चौथीपर्यंत शिकलेला. सगळा जन्म कौलांच्या भट्टीवर गेला. आमच्या गावच्या वाचनालयाच्या अंकात लोक काशी-रामेश्वरचं लिहितात. मी जोयड्याचं लिहितो. काय लपवणार नाही.

रामनगरला बस बदलायची होती. स्टँडसमोर चहा घेतला. चहावाल्याचं मूळ आमच्या खानापूरकडचंच निघालं.

"कुठं चाललासा, मामा?"

"गुंदला."

"ह्या वयात होडीत बसायला?" तो हसला. तिकडं हल्ली शहरातली माणसं मौज करायला जातात.

"मेव्हण्याकडं चाललोय. होडीत तू बस."

"रागावू नका ओ. कान बांधून घ्या, तिकडं थंडी लई हाय."

जानेवारीचा महिना. जोयडा सुटल्यावर रस्ता जंगलात शिरतो आणि वळणंच वळणं घेतो. दोन्ही बाजूला झाडं एवढी की ऊन रस्त्यावर सांडल्यासारखं ठिपक्या-ठिपक्यांनी पडतं. मधेच सुपारीची बाग, मधेच कापलेलं भाताचं शेत, आणि पुन्हा झाडी. बघायला चांगलं, पण माझं पोट ढवळायला लागलं. कुंभारवाड्याला बस थांबली तशी मी खाली उतरून गटाराकडं गेलो. ओकून तोंड पुसून मागं वळलो तर बस गेलेली. साडीची पिशवी तेवढी छातीशी धरलेली होती. वाटेत पायताण बदललं होतं, बसमध्ये ठेवलेले जुने जोडे गेले ते गेलेच.

झाडाखाली बसलो. थोड्या वेळानं एक जीप आली. चालवणारा पन्नाशीचा, मानेला मफलर.

"कुठं जायाचं?"

"गुंदला, सुब्रायच्या घरी."

त्यानं मला खालून वर बघितलं आणि जीप बंद केली. "तुम्ही अक्काचे मालक?"

अक्का म्हणजे शेवंता, आणि तो देविदास. सुब्रायचा शेजारी, पाहुण्यांना राहायला खोल्या देतो. मला पुढं बसवलं, खिशातून मुरगलाची सोलं (रातांब्यासारख्या आंबट फळाची वाळलेली सालं) काढून दिली. "चघळा, पोट बसंल." आणि मग म्हणाला, "बरं झालं आज आलासा. आज मोठी मॅच हाय. अक्का असती तर सकाळपास्नं फोन सुरू झाला असता."

"कसली मॅच?"

"टेनिसची ओ!"

शेवंता दुपारी टीव्हीपुढं बसायची, हे खरं. जाळीच्या अलीकडं-पलीकडं पांढऱ्या कपड्यातली माणसं पळत असायची, हेही मी झोपता-झोपता बघितलेलं. पण ती ते 'बघते' असं मला कधी वाटलं नव्हतं. बाईमाणूस, काम झालं, काहीतरी लावून बसली असेल, एवढंच.

"व्हय व्हय," मी म्हणालो. "बघायची की ती."

वाटेत देविदासनं मला सगळं सांगितलं, मला माहीत आहे असं धरूनच. सुब्राय तरुणपणी गोव्यात एका क्लबात टेनिसच्या मैदानाची लाल माती रोलर ओढून सपाट करायचा. तिथून तो हा खेळ गावी घेऊन आला. त्यानं बहिणीला वेड लावलं, मग देविदासला. गेली कित्येक वर्षं हे तीन घरांचे तिघं भांडतायत की सगळ्यांत मोठा कोण. खरी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी आपली नावं ठेवलेली. ज्याला कधी घाम येत नाही तो शांतप्पा. डाव्या हातानं मारतो तो डावरा. आणि कितीही मारलं तरी चेंडू परत आणून टाकतो तो चिवटप्पा.

गुंदला पोचलो तेव्हा जानकी दारात उभी होती. मी साडी दिली. तिनं घडी मोडली नाही, तशीच छातीशी धरून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सुब्रायनं पाय धुवायला गरम पाणी दिलं. त्याचं नाक अगदी बहिणीसारखं आहे, मला त्याच्याकडं बघवेना.

जेवायला नाचणीची भाकरी, कोन (जमिनीतून खणून काढतात तो मोठा कंद) उकडून केलेली भाजी, आणि लाल मुंग्यांची चटणी. चटणी मी आधी बाजूला सारली. सुब्राय म्हणाला, "अक्का हितं आली की वाटी चाटून पुसून खायची." मग मी खाल्ली. आंबट, तिखट, जिभेला चटका देणारी. शेवंता हे खाते हेही मला माहीत नव्हतं.

दुपारी मॅच सुरू झाली. चिवटप्पा आता म्हातारा झालेला, खेळाडूंच्या हिशोबानं. समोर पोरगेला गडी, हरणासारखा. चिवटप्पाचा चेंडू जाळीत गेला की तिथलं मैदान टाळ्यांनी फुटायचं. देविदासही टाळ्या वाजवायचा. आपण पाहुणे, गप्प बसलेलं बरं दिसत नाही, म्हणून मीही वाजवल्या. एकदा, दोनदा, मग जोरात. जानकीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चहा हवा का विचारतेय.

चिवटप्पा हरला. जाताना त्यानं खाली वाकून मैदानाला हात लावला. सुब्रायनं टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "आता ह्यो परत खेळतोय का न्हाई कुणाला ठावं. चला, अंगणात बसू. आज ठरवूनच टाकू."

इथं एक रीत सांगायला हवी. गुंदच्या गावकीत (गावच्या बैठकीत) प्रत्येक घराचा एक शब्द असतो. नारळावर हात ठेवून तो द्यायचा. घरातलं कोणी गेलं असेल तर त्याचा शेवटचा शब्द घरातल्या माणसानं द्यायचा, आणि तो देताना कोणी सुचवायचं नाही, कोणी अडवायचं नाही. नारळ रात्रभर तुळशीपाशी राहतो. सकाळी तो फोडून वाटला की शब्द पक्का, मग बदल नाही. ह्या लोकांनी थट्टेनं हीच रीत टेनिसला लावली होती. पण थट्टेनं सुरू केलेलं ते आता खरंच पाळायचे.

चटई टाकली, मधे नारळ ठेवला.

"माझा डावरा," सुब्राय म्हणाला. "लाल मातीवर त्याच्यापुढं कोन टिकला? सांग."

"तू लाल मातीचा रोलर ओढलास म्हणून तुला लालच दिसतंय," देविदास म्हणाला. "शांतप्पा खेळाय लागला की देवळात आरती चालल्यागत वाटतंय. माझा शब्द शांतप्पा."

"आरती बघून कप मिळत न्हाईत. कप मोजले तर तुझा शांतप्पा मागंच."

"कपानं मोठेपण ठरतं व्हय? मग तुझ्या गोठ्यातली म्हस सगळ्यांत मोठी. तिच्याएवढं शेण कुणी टाकलंय?"

"म्हशीला नावं ठेवू नको. तिचंच दूध पितोस."

जानकी उंबऱ्यावर बसून हसत होती. "आमच्या घराचा शब्द ह्यांनी दिला. मी बोलत न्हाई. न्हाईतर दोघांस्नीबी गप केलं असतं."

मग सगळे माझ्याकडं वळले. सुब्रायनं नारळ माझ्यापुढं सरकवला. "दाजी, अक्काचा शब्द तुम्ही द्या. तिनातल्या दोन घरांचा शब्द जुळला की ठरलं. तिच्या मनात कोन व्हता?"

मला माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द आहेत, चौथीतल्या माणसालाही येतात. पण बायकोच्या माहेरात, तिच्या भावापुढं, तिच्या साडीची घडी अजून घरात ताजी असताना, ते माझ्या तोंडातून निघेनात. मी नारळावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "शांतप्पा. दुसरा कोन? आवाज बंद करून, हात जोडल्यागत बसायची त्याच्यापुढं."

मला वाटलं देविदास उडी मारेल. त्यानं मारली नाही. मफलर सारखा केला आणि जमिनीकडं बघत बसला. सुब्राय "बरं" म्हणाला. जानकी उठून आत गेली. मला वाटलं, संध्याकाळ झाली, दिवा लावायला गेली असेल.

सकाळी धुकं एवढं की समोरची सुपारीची बाग दिसत नव्हती. मी चुलीपाशी शेकत बसलो. जानकी उकडलेल्या कोनाची सालं काढत होती.

"दाजी, एक विचारू? अक्का घरी आवाज बंद करूनच बघायची न्हवं?"

"व्हय. माझी झोप मोडू नये म्हणून. तेवढी काळजी होती तिला."

जानकीनं सुरी खाली ठेवली. "तुमच्या झोपेसाठी न्हवं ओ. चिवटप्पा खेळाय लागला की सगळी माणसं दुसऱ्याला टाळ्या वाजवत्यात. त्या तिला ऐकवायच्या न्हाईत. फोनवर म्हणायची, जानके, एवढी माणसं आनि त्या लेकराच्या बाजूनं कोनबी न्हाई. कोनतरी बसाया पायजे न्हवं? मी बसते. आनि देविदासाला फोनवरनंच अशा शिव्या घालायची की त्यो फोन लांब धरायचा."

चुलीतला जाळ माझ्या तोंडावर आला, का आतूनच आला, कळलं नाही. काल मी टाळ्या वाजवल्या होत्या. तिच्या घरात, तिच्या माणसांसमोर, त्या लेकराचा चेंडू जाळीत गेला म्हणून.

"मग काल का बोलला न्हाईसा?"

"शब्द देनाऱ्याला अडवायचं न्हाई. आनि तुम्ही एवढं ठाम बोललासा..." तिनं सालं गोळा केली. "आमाला वाटलं, शेवटाला तिचं मन बदललं आसंल. तुमाला सांगितलं आसंल."

म्हणजे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. खोटं पकडलं असतं तर बरं झालं असतं. जानकी रात्रभर हेच धरून होती की अक्कानं शेवटी चिवटप्पाला सोडलं, आणि आपल्याला न सांगता सोडलं.

बाहेर देविदासचा आवाज आला. तो कोयता घेऊन नारळ फोडायला आला होता. मी अनवाणीच अंगणात गेलो. सुब्रायनं नारळ उचलला होता.

"थांब," मी म्हणालो. "शब्द परत घ्यायचाय."

"घेता येतोय," सुब्राय हळू म्हणाला. "न फोडलेल्या नारळावर येतोय. पर उभं राहून, टोपी काढून, का चुकला ते सांगाया लागतंय."

मी टोपी काढली. दव डोक्यावर पडत होतं. जानकी दारात येऊन उभी राहिली.

"तिच्या मनात कोण होता मला म्हाईत न्हवतं," मी म्हणालो. "मी कधी विचारलं न्हाई. काल न्हाई म्हणायची लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तिनं चिवटप्पाला सोडलेलं न्हाई. तिचा शब्द चिवटप्पा. आणि काल मी त्याच्या चुकीवर टाळ्या वाजवल्या, त्याचीबी लाज वाटते."

देविदास कोयत्याची धार अंगठ्यानं बघत होता, जशी काय तीच महत्त्वाची. सुब्रायनं तोंड बागेकडं वळवलं होतं. त्याचे खांदे हलत होते. मग तो वळला आणि म्हणाला, "दाजी, टोपी घाला. थंडी हाय."

ह्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर मला सोसलं असतं.

देविदासनं नारळ फोडला. पहिला तुकडा माझ्या हातात दिला. "म्हंजे तीन घरं, तीन शब्द," तो म्हणाला. "काय ठरलंच न्हाई. परत बसाया लागनार."

"बसू की," जानकी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "अक्का काय तुला सुखानं जिंकू देनार व्हय?"

परतीच्या बसला सोडायला देविदासच आला. जाताना मुरगलाची सोलं कागदात बांधून दिली आणि म्हणाला, "पुढल्या मॅचला फोन करा, मामा. अक्काच्या घराचा शब्द रिकामा ठेवू नका." मी मान हलवली. वळणांवर सोलं चघळत राहिलो, पोट बसलं. बाकी काय बसलं नाही. एवढी वर्षं ती टीव्हीचा आवाज बंद करायची आणि मी ते माझ्या काळजीपोटी असं धरून झोपायचो, हे जंगल संपेपर्यंत डोक्यातून जाईना. माझं गावही दिसायला लागलं तरी जाईना.

घरी कुलूप काढलं. दुपार झाली होती. टीव्ही लावला, बटणं दाबत-दाबत ती जाळी सापडली. दोन पोरी खेळत होत्या, नावं मला वाचता आली नाहीत. विचारायला माणूस नाही. कोणत्या पोरीला टाळ्या मिळत नाहीत एवढं कळेपर्यंत आवाज ठेवला. मग बंद केला आणि तिच्या बाजूनं बसलो.