बीपीच्या निमित्तानं

मनाचे आजार आणि नशापाणी, हा आमच्या पाहणीचा विषय. फॉर्म कुणीतरी पंख्याखाली बसून केलेला. त्यात ठळक अक्षरात सूचना होती: प्रश्न एकांतात विचारावेत. आष्टी तालुक्यातल्या वस्तीवर एकांत कुठून आणायचा, हे तेवढं लिहायचं राहिलं होतं. नर्स आली म्हटलं की अर्धी वस्ती ओट्यावर जमते.

म्हणून मी एक युक्ती काढली. बीपीचा पट्टा बांधायचा आणि दटावायचं, "माणसं जवळ असली की आकडा चुकतो, सगळे बाहेर व्हा!" खोटंच, पण लोक ऐकायचे.

त्या घरी गेले ते दसऱ्याच्या तोंडावर. ऊसतोडीला निघायची बांधाबांध चालली होती. तिथल्या सासूबाईंनी दारातच उत्तर देऊन टाकलं, "आमच्यात कुनी पीत न्हाई." मी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला आणि सगळ्यांना पिटाळलं. सगळ्यात आधी सासूबाईच उठल्या, नातवंडांनाही घेऊन गेल्या.

सून खाली बघत म्हणाली, "मीच पिते, सिस्टर. उसाच्या फडात कंबर लई दुखायची, म्हनून ह्यांनीच घोटभर दिली. आता त्याबिगर हात थरथरत्यात. यंदा फडात गेले तर सुटायची न्हाई. आन् सासूला कळलं तर लेकरं ठिवून घेतील, मला हाकलतील."

मी तिचा हात धरून म्हणाले, हा आजार आहे, औषध आहे, बीडच्या दवाखान्यात मी सोबत येते. तोवर एकदम बंद करू नको, त्यानं त्रास वाढतो.

"आन् यांच्यासंगं कोयत्याला कोन जाईल?"

एक कोयता म्हणजे दोन माणसं; ऊसतोडीला जोडीच लागते. मी तिच्या दंडाचा पट्टा सोडला.

निघाले तर सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत रस्त्यापर्यंत आल्या. "दवाखान्यात माझं बीपी भरगर्दीत मोजत्यात की," म्हणाल्या आणि हसल्या. माझी चोरी पकडली गेली होती. पण सुनेचं बोलणं कुणाला सांगायची मला मुभा नव्हती. त्यांनी विचारलंही नाही.

"यंदा लेकाबरुबर मी जाते. तिला म्हनीन, लेकरांची शाळा बुडती, तू थांब. तुमी तिला औषिद तेवढं द्या."

मी मान डोलावली. या वयात, या गुडघ्यांनी ही बाई ऊस तोडणार होती. मी वळले, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"आन् मला ठावं हाय, हे सांगू नका तिला. माझ्याम्होरं जेवायला लाजंल पोरगी."