चावा घेतलेलं सफरचंद

आमचे हे सुतार, सहा भावंडांतले पाचवे. घरात फळ आलं की आधी चावा घेऊन मोकळे. उष्टं केलेलं भावंडं पळवत नाहीत, हा लहानपणचा धडा. उद्या जास्त देणाऱ्यापेक्षा आज कमी देणारं गिऱ्हाईक यांना प्यारं. मी एकुलती एक. चांगलं ते शेवटी खाते. तर त्यावरही संशय, "कोणासाठी ठेवलंस?" माझ्याच घरात मी चोर!

परवा थोरल्या दिरांनी सफरचंदांची पेटी पाठवली.

"दादा आणि फुकट देणार? पाणी कुठंतरी मुरतंय!"

म्हणत हे एकेक फळ उलटंपालटं करून बघत बसले. तळाशी चावा घेतलेलं एक निघालं.

"शी, टाका ते!" मी ओरडले.

"टाका काय म्हणतेस? दादानं स्वतःच्या वाट्यातलं दिलंय," म्हणाले, आणि आधी तेच खाल्लं.